आरव्हीत झोपायचे रोज ९० डॉलर कशाला भरताय?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये घोडबंदर रोडवरनं मुलाकडे अमेरिकेत चाललाय, वेगासहून आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन ग्रँड कॅन्यन, पेज गाव, ब्राइस कॅन्यन असं दहा रात्री फिरायचंय, आणि मुलाने रोजच्या रात्रीला प्रायव्हेट आरव्ही पार्क (प्लग-नळासकट गाडी उभी करायची जागा) बघितलेत तर ९०० डॉलर नुसते गाडी उभी करायचे होतायत. अहो गाडीत गॅस आहे, टाकी आहे, संडास आहे, मग रोज प्लग आणि नळ कशाला हवाय! आम्ही नेरूळहून दोनदा जाऊन आलोय, पहिल्या खेपेला हेच केलं होतं आणि नंतर हळहळलो.

माझं गणित साधं आहे, उकाड्याच्या जागी पैसे द्यायचे आणि उंचावर फुकट झोपायचं. वेगासला जूनमध्ये रात्रीसुद्धा भट्टी असते, एसीशिवाय झोप लागणार नाही, आणि एसी चालवायचा तर प्लग हवा नाहीतर जनरेटर, आणि जनरेटरचे तासावर पैसे लावतात बऱ्याच ठिकाणी. तिथे पार्क घ्या निमूटपणे. पण ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला ७००० फूट उंची आहे, ब्राइस तर ८००० च्या वर, तिथे एसी लागतोय कशाला.

साउथ रिमच्या अलीकडे टुसायन गाव लागतं, त्याच्या बाहेर कैबाब नॅशनल फॉरेस्ट आहे, तिथल्या ठराविक जंगलरस्त्यांवर फुकट मुक्काम करता येतो. ब्राइसच्या बाहेर डिक्सी नॅशनल फॉरेस्टमध्येही तसंच. नळ नाही, संडास नाही, कचरा आपला आपण परत न्यायचा. फक्त गाडीचा करार नीट वाचा, कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही असं बऱ्याच कंपन्या लिहितात, आधी ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. नाही म्हणाले तर जंगलाचा नाद सोडा, टो करायचा खर्च आला तर ९०० डॉलर स्वस्त वाटतील.

वॉलमार्ट दुकानाच्या पार्किंगमध्ये रात्री गाडी लावून झोपता येतं का, असं विचारलंत. सगळ्या दुकानांत चालत नाही, मॅनेजरवर आणि गावाच्या नियमावर असतं, म्हणून संध्याकाळी फोन करायचा किंवा आत जाऊन विचारायचं. कोपऱ्यात लावायची, खुर्च्या बाहेर मांडायच्या नाहीत, सकाळी दूध-अंडी घेऊन निघायचं. आपल्याकडे सोसायटीत पाहुण्याची गाडी लावली तरी सेक्रेटरी शिट्टी मारत येतो, त्यामुळे पहिल्या रात्री मला झोपच आली नाही, सारखं वाटे आता कोणीतरी काच वाजवेल. कोणी आलं नाही. क्रॅकर बॅरल रेस्टॉरंटवाले पण बऱ्याच ठिकाणी राहू देतात, तेही विचारून.

आता थंडीचं ऐका, कारण हे कोणी सांगत नाही. ब्राइसजवळच्या जंगलात आम्ही हीटर लावून झोपलो, हीटर गॅसवर चालतो म्हणून बिनधास्त. पण त्याचा पंखा बॅटरीवर असतो! रात्री तीनला पंखा हळू हळू होत बंद, दिवे मिणमिण, आणि जनरेटर चालू करायला गेलो तर तो पण त्याच बॅटरीवर सुरू होतो म्हणे. आमच्या मुलाने शेवटी गाडीचं इंजिन चालू केलं तेव्हा बॅटरी थोडी भरली, तोवर मी स्वेटरवर स्वेटर घालून नवऱ्याची शाल पण ओढून घेतलेली. तेव्हा संध्याकाळी फोन, लॅपटॉप काही चार्जिंगला लावू नका आणि जाड पांघरुणं न्या. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म गाडी ताब्यात घेतानाच बटण दाबून बघा.

पाणी साधारण ४० गॅलन मिळतं, म्हणजे दीडशे लिटर. अमेरिकन माणसाला दोन दिवस पुरत नाही, ठाण्यात पाण्याच्या शटडाउनच्या दिवशी अर्ध्या बादलीत आंघोळ करणाऱ्याला तीन दिवस आरामात पुरतं. तांब्या न्या, चेष्टा नाही. छोटा कुकर पण न्या. दोन-तीन फुकट रात्रींनंतर एक रात्र सरकारी कॅम्पग्राउंडला, साधारण २० ते ४० डॉलर. ग्रँड कॅन्यनचं मेदर कॅम्पग्राउंड बघा, सांडपाण्याची टाकी खाली करायची सोय आहे, पण ३० फुटांच्या वरची गाडी घेत नाहीत, म्हणून छोटीच आरव्ही घ्या. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर, सहा महिने आधी उघडतं आणि भराभर भरतं, पण लोक कॅन्सल करतात त्यामुळे रोज चहा पिताना एकदा बघत जा, आम्हाला तसंच मिळालं. टाकी खाली करताना हातमोजे घालायचे, आधी संडासाची, मग बेसिन-आंघोळीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हे काम आमच्याकडे नवऱ्याचं, मी लांब उभी राहून सूचना देते.

६२ वर्षांवरच्यांचा सीनियर पास असतो, बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडला निम्मे पैसे, तुम्ही त्याच आशेने विचारलंय. तो फक्त तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो, व्हिजिटर व्हिसावर नाही, तो विषय सोडा.

तुमच्या दहा रात्रींत मी पहिली आणि शेवटची वेगासला पैसे देऊन धरीन, चार सरकारी कॅम्पग्राउंडला, चार फुकट. ३०० डॉलरच्या आसपास व्हायला हवं. शेवटची रात्र जिथे गाडी परत करायची त्याच्या जवळच घ्या, कारण टाक्या रिकाम्या करून द्यायच्या असतात, आमच्याकडून सकाळच्या घाईत राहिलं तर कंपनीने वेगळे पैसे कापले आणि वर माझ्याच हातात पावती ठेवली.