सप्टेंबर उजाडला, न्यू जर्सीतील करपलेल्या लॉनचे आता काय करावे?

न्यू जर्सीत घर घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात लॉन जागोजागी करपले, तर पानगळीत त्याला हात घालावा की वसंतापर्यंत थांबावे, असे आपण विचारले आहे. थांबू नये. या भागातील टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास ही थंडी मानवणारी गवते आहेत. सप्टेंबरमध्ये रात्री गार होत असल्या तरी जमीन उबदार असते आणि क्रॅबग्रास या उन्हाळी तणाचा जोर ओसरतो, त्यामुळे नव्या बियाण्याला मोकळे रान मिळते. वसंतात पेरलेले गवत मात्र मुळे खोल जाण्याआधीच जुलैच्या उन्हात सापडते.

प्रथम गवत आखूड कापून एरेशन करावे, म्हणजे जमिनीत भोके पाडून घट्ट माती मोकळी करावी. यंत्र भाड्याने मिळते, पण ते पोकळ दात्यांचेच मागावे, कारण नुसते खिळे टोचणारे यंत्र भोवतालची माती आणखी दाबते. पाऊस पडून गेल्यावर वाफसा येऊ द्यावा. चिखलात दाते माती भरून बंद होतात, तर कोरड्या जमिनीत ते वरवरच फिरतात. यंत्राने उपसलेल्या बोटाएवढ्या मातीच्या कांड्या अंगणभर पडतात आणि शेजारी चौकशीही करतात, तरी त्या उचलू नयेत. पावसाने त्या आपोआप विरतात.

बी लगेच, त्याच दिवशी पेरावे. विरळ लॉनवर फेस्क्यूचे बी 1,000 चौरस फुटांना 3 ते 4 पौंड पुरते. ते मातीला भिडले पाहिजे, नाहीतर पाखरांची धन. वरचा थर ओलसर राहील इतकेच पाणी दिवसातून दोनदा द्यावे. ब्लूग्रास उगवायला तीन आठवडेही घेते, म्हणून घाईने पुन्हा पेरू नये.

खताबाबत राज्याचा कायदा आहे: 15 नोव्हेंबर ते 1 मार्च या काळात घरमालकाला लॉनला खत घालता येत नाही, आणि स्फुरदयुक्त (फॉस्फरस असलेले) खत नवे गवत लावताना, खराब भाग दुरुस्त करताना किंवा माती परीक्षणात कमतरता दिसली तरच चालते. परीक्षण रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते. मातीचा सामू (pH) कमी निघाला तरच चुना टाकावा.

जुन्या गवतावर पडलेली झाडांची कोरडी पाने मोवरखाली बारीक करून तिथेच जिरवावीत, पिशव्या भरण्याचा खटाटोप मला व्यर्थ वाटतो. कोवळ्या रोपांवर मात्र ओल्या पानांचा थर दोन दिवसही राहू देऊ नये.