विंडोज ११ टाकल्यापासून आउटलुकमध्ये मेल येत नाही, जुने मेलही गायब आहेत. अकाउंट डिलीट करून परत टाकू का?

नाही भाऊ, अकाउंटला सध्या हात लावू नका. तुमचं वणीकडे कृषी केंद्र आहे, आठवडाभरापूर्वी दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज १० चं ११ करून घेतलं, तेव्हापासून आउटलुक सारखं जीमेलचा पासवर्ड मागते आणि २०२२ च्या आधीचे कंपन्यांचे मेल दिसत नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. नवीन मेल न येणं तासाभरात दुरुस्त होते. जुन्या मेलसाठी मात्र तुमच्याकडे थोडेच दिवस आहेत, म्हणून आधी तेच पाहू.

मी आर्वीला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. माझी निम्मी गिऱ्हाइकं कृषी केंद्रं आणि जिनिंगवाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून हीच तक्रार घेऊन बरेच जण येतात. बहुतेकांचा समज एकच असतो, "मेल तं नेटवरच राह्यते न भाऊ, कुठं जाईन?" ते नेहमीच खरं नसते.

काही वर्षांपूर्वी एका कृषी केंद्राचा कॉम्प्युटर मी फॉरमॅट केला. आधी विचारलं, टॅलीचा बॅकअप घेतला का, फोटो काढले का. मालक हो म्हणाले. मेलचं मीही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांचं अकाउंट पॉप पद्धतीचं होतं. मेल सर्व्हरवरून उतरून त्या मशीनमध्ये यायचे आणि सर्व्हरवरून पुसले जायचे. कंपन्यांच्या क्रेडिट नोट, स्कीमची पत्रं, परत पाठवलेल्या बियाण्याचे हिशेब, सगळं एकाच फाइलमध्ये होतं आणि ती फाइल माझ्या हातानं गेली. काही कंपन्यांनी कागद पुन्हा पाठवले, काहींनी नाही. त्या माणसाचा चेहरा मी विसरलो नाही. म्हणून आता कोणतंही मशीन उघडण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो, तुमचे मेल राहतात कुठं?

तुम्ही ते असं तपासा. आउटलुक बंद ठेवा. क्रोममध्ये जीमेल उघडा आणि २०२० मधला तुम्हाला आठवणारा एखादा मेल शोधा. नुसता इनबॉक्स पाहू नका, डावीकडच्या 'ऑल मेल'मध्येही पाहा, कारण पॉपनं उतरवलेले मेल जीमेलच्या सेटिंगप्रमाणे इनबॉक्समधून निघून तिथं जाऊन बसलेले असू शकतात. तिथं सापडले तर जीव भांड्यात पडला म्हणा, ते सुरक्षित आहेत, आउटलुकमध्ये आज ना उद्या दिसतील.

तिथं नसतील तर ते तुमच्या मशीनवरच्या पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुक मेल साठवते त्या फाइलमध्ये, आहेत असं धरून चाला. ती बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमध्ये असते. आता इथं विंडोज ११ ची एक गोष्ट नीट समजून घ्या. ते बसवताना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकलं की बऱ्याचदा वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या साठवणीचा, बॅकअप सुरू होतो आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत जातो. फाइल असते, पण तिचा पत्ता बदललेला असतो आणि आउटलुक तिला जुन्या पत्त्यावर शोधत बसते. त्यात फुकटची वनड्राइव्ह फक्त ५ जीबी. तुमची फाइल सात-आठ जीबीची असेल तर ती वर चढतही नाही आणि सिंक अडकून राहते. अशी फाइल वनड्राइव्हच्या बाहेर काढायची, डी ड्राइव्हवर एक साधा फोल्डर करून तिथं ठेवायची. मग आउटलुकमध्ये फाइल, ओपन अँड एक्सपोर्ट, ओपन आउटलुक डेटा फाइल असं करत ती उघडायची. जुने मेल डावीकडे वेगळ्या नावानं दिसू लागतात.

डॉक्युमेंट्समध्येही सापडली नाही तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर आहे का पाहा. आधीचं विंडोज त्यात राहते, आतल्या 'युजर्स'मध्ये तुमची जुनी डॉक्युमेंट्स असू शकतात. हा फोल्डर साधारण १० दिवसांनी विंडोज आपोआप काढून टाकते. तुमचा आठवडा होऊन गेला आहे, म्हणून हे काम आजच करा, दुकानात गर्दी असली तरी. जागा करायला म्हणून कोणी डिस्क क्लीनअप चालवू म्हणालं तर ठाम नाही म्हणा. फाइल सापडली की पहिल्यांदा पेन ड्राइव्हवर तिची एक प्रत काढा आणि तो पेन ड्राइव्ह घरी नेऊन ठेवा. प्रत काढताना आउटलुक बंदच हवं.

अकाउंट डिलीट करायला मी नाही का म्हणालो, तेही सांगतो. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहतात आणि मशीनवर त्यांची प्रत असते. असं अकाउंट काढलं की ती प्रत जाते. सर्व्हरवरचे मेल परत उतरतात, पण 'धिस कम्प्युटर ओन्ली'वाल्या फोल्डरमध्ये तुम्ही काही जपून ठेवलं असेल तर ते परत येत नाही.

आता पासवर्डचं. तुमचा पासवर्ड बरोबर असूनही गुगल तो नाकारते. ३० मे २०२२ पासून साध्या जीमेल अकाउंटमध्ये नुसत्या आयडी-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत येता येत नाही. एक तर प्रोग्रामनं गुगलची स्वतःची साइन-इन खिडकी उघडावी लागते, नाही तर १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड लागतो, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी गुगल वेगळा बनवून देते तो. तुमचं आउटलुक आधी चालत होतं, त्याअर्थी कोणीतरी तुम्हाला ॲप पासवर्ड करून दिला असावा. तो मशीनमध्ये साठवलेला होता आणि या उलथापालथीत निघून गेला. नेहमीचा पासवर्ड कितीदाही टाका, उपयोग नाही. आणि चिडून गुगलचा पासवर्डच बदलू नका, तो बदलला की असतील ते सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात.

गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर दुसरी खात्री) सुरू करा, मग तिथं शोधून नवा ॲप पासवर्ड बनवा आणि पासवर्डच्या जागी तो टाका. येणाऱ्या मेलसाठी सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३. जाणाऱ्यासाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५. ऑफिस २०१० किंवा २०१३ चं आउटलुक असेल तर माझा सल्ला थंडरबर्ड हा मेलचा दुसरा प्रोग्राम टाकण्याचा. ते फुकट आहे आणि गुगलची साइन-इन खिडकी उघडते, त्यामुळे ॲप पासवर्डची भानगडच राहत नाही. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टसुद्धा विंडोज १० च्याच दिवशी संपला आहे.

एवढं करूनही मेल उतरत नसेल तर आपल्या भागातली तीन कारणं आधी पाहा, सेटिंग नंतर.

घड्याळ. रात्री दुकान बंद करताना आपण मेन स्विच पाडतो, दिवसा लाईन जाते ती वेगळीच. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला असेल तर सकाळी मशीनची तारीख कुठल्या कुठं गेलेली असते. तारीख चुकली की सर्व्हरचं प्रमाणपत्र मशीनला खोटं वाटते आणि ते जोडणीच करत नाही. सीआर २०३२ नावाचा सेल टाकला की झालं. मी असे तीन-चार कॉम्प्युटर पाहिले आहेत, ज्यांचं विंडोज या सेलसाठी दोनदा बदललं होतं.

हॉटस्पॉट. मोबाइलच्या नेटवर दुकान चालत असेल तर डेटा वाचवायला कोणीतरी ती जोडणी 'मीटर्ड', म्हणजे डेटा जपून वापरायची, करून ठेवलेली असू शकते. मग मागे चालणारं सिंक थांबते. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ते बंद करा.

आणि जागा. जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून १५ जीबी, अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. शेतकरी तुम्हाला रोज बोंडअळीचे, पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचे फोटो पाठवत असतील, सल्ला विचारत असतील. हंगामात तेवढ्यानंही अकाउंट भरते. भरलं की नवीन मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात आणि इथं कळतही नाही. कंपनीचा माणूस "मेल केला होता" म्हणत असेल आणि तुमच्याकडे आला नसेल, तर सगळ्यात आधी हेच पाहा.

नवीन मेल सुरू झाले की पीएसटीतले जुने मेल आयमॅपच्या फोल्डरमध्ये ओढून जीमेलवर चढवता येतात. एका वेळी एकाच वर्षाचा फोल्डर घ्या आणि नेट हलकं असते तेव्हा, म्हणजे रात्री, लावून ठेवा. वर जागा आहे का ते आधी मोजा. ते पूर्ण चढल्याचं क्रोममध्ये डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पेन ड्राइव्हवरची प्रत पुसू नका.

टू-स्टेप सुरू करताना गुगल आठ आकडी १० बॅकअप कोड देते, तेही उतरवून घ्या. टॉवर नसला की ओटीपी येत नाही आणि नेमकं त्याच दिवशी मेल उघडायचा असतो. मॉनिटरला चिकटवू नका, दुकानात दिवसभर माणसं येतात. साठा रजिस्टर ज्या कपाटात कुलपात ठेवता, तिथं एका कागदावर ते असू द्या.