शिबिराचा आराखडा वाचून

चि. हिला अनेक आशीर्वाद.

मुलांच्या जपानी शिबिराचा तुझा आराखडा वाचला. पाच दिवसांत ओरिगामी, सुशी, किमोनो, सुलेखन, चहा-समारंभ आणि वर हिरागाना लिपीची ४६ अक्षरं! मुलं दमतीलच, पण तूही दमशील. निम्म्याहून जास्त काटून टाक. किमोनो तर आधी. भाड्याचे कपडे, फोटो, की संपलं. ठेवायचाच असेल तर डावी बाजू उजवीवर येईल एवढं बघ. उलटा किमोनो तिकडे मृताला नेसवतात.

माझं ऐकशील तर पाचही दिवस एकच काम घे, कामिशिबाई. कागदी चित्रनाट्य : चौकटीत चित्रांचा गठ्ठा ठेवायचा आणि एकेक चित्र ओढत गोष्ट सांगायची. १९३० च्या दशकात गोष्टी सांगणारे सायकलवर लाकडी चौकट लादून गल्लोगल्ली फिरत, ठोकळ्यांवर ठोकळे आपटून पोरं गोळा करत आणि पोट भरत ते मिठाई विकून.

गोष्ट मोमोतारोची घे. पीचमधून निघालेला हा मुलगा जपानमधल्या ओकायामा शहराचा फार लाडका, आणि तुमच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्याच कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे. मुलांनी ते पाहिलेलं असेल. मोमोतारो राक्षसांच्या बेटावर निघतो. वाटेत कुत्रा, माकड आणि फेझंट नावाचा लांब शेपटीचा पक्षी भेटतो. प्रत्येक जण त्याच्याजवळचा दांगो, म्हणजे पिठाचा गोळा मागतो. हे मागणं तेवढं जपानीत होऊ दे : ‘हितोत्सु कुदासाइ’, एक द्या ना. त्यानं म्हणायचं, ‘हाइ, दोओझो’, हे घे. व्याकरण सांगत बसू नकोस. तिसरा प्राणी येईपर्यंत समोरची पोरंच त्याच्या आधी ओरडतील. दांगोऐवजी राजगिऱ्याचे लाडू खरोखर वाट, पण मागितल्याशिवाय एकही नाही.

खरी गंमत कागदांच्या पाठीवर आहे. पहिल्या चित्राचा मजकूर त्याच्याच मागे लिहिला तर सांगणाऱ्याला दिसणार नाही, कारण त्याच्यामागे बाकीचा गठ्ठा असतो. म्हणून तो शेवटच्या कागदाच्या पाठीवर लिहितात. पहिला कागद ओढून मागे सरकवला, की त्याच्या पाठीवर दुसऱ्या चित्राचा मजकूर समोर येतो. मुलांना हे आधी सांगू नकोस. अडू दे, भांडू दे, एखादा कागद वाया जाऊ दे. कागद अर्धाच ओढून थांबायची खुबी मात्र तू स्वतः करून दाखव. राक्षसाचं शिंग दिसलं पाहिजे, तोंड नाही.

लिपी थोडीच पुरे. अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा क्रम फळ्यावर लिही. बाराखडी पाठ असलेल्या पोराला तो ओळखीचा वाटेल. वाटायलाच हवा, बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातूनच तो तिकडे रुजला. मग ज्याचं त्याला नाव काताकाना या दुसऱ्या जपानी लिपीत लिहून दे, चित्राखाली सही करायला. तिथे ‘ल’ नाही, त्यामुळे नीलाची नीरा होईल आणि वर्गात अर्धा तास दंगा होईल. होऊ दे.

शेवटच्या दिवशी पालक विचारतील, जपानी कितपत आलं? त्यांना पुढच्या रांगेत बसव, आणि लाडू हवा असेल तर मागायला लाव.