गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न : वय २९. हिमोग्लोबिन १०.४ होतं, म्हणून तीन महिने लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या. आता १०.६ आहे. दुसऱ्या बाळाचा विचार आहे. डोस वाढवू का? सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट सोबत जोडला आहे.

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या रिपोर्टात हिमोग्लोबिनखालच्या दोन ओळी जास्त बोलक्या आहेत. तांबड्या पेशी ५६ लाख, आणि पेशीचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ६२. तो ८० ते १०० असायला हवा. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनेही घटतात. तुमच्या लहान आहेत, पण भरपूर आहेत. ६२ ला ५.६ ने (५६ लाख म्हणजे ५.६ दशलक्ष) भागलं तर ११ येतात. १३ च्या खाली उत्तर आलं की थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यायची, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आईवडिलांकडून आलेला सौम्य दोष. तो लोहाच्या गोळ्यांनी जात नाही. हा निव्वळ अंदाज. निदान होतं एचपीएलसी या रक्ततपासणीने, ती हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजते. त्यात एचबी ए२ हा घटक ३.५ टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो. बरोबर फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करा, कारण लोह कमी असेल तर ए२ थोडं उतरतं आणि मायनर नजरेतून निसटतो. अंगात ताप असताना मात्र फेरिटिन करू नका, ते उगाच वाढलेलं येतं.

मायनर निघाला तर दिवस राहण्याआधी यजमानांचीही एचपीएलसी करून घ्या. दोघांनाही हा (बीटा) मायनर असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे याच दोषाचा गंभीर आजार, होण्याची शक्यता २५ टक्के असते. एचपीएलसी नॉर्मल आणि फेरिटिन कमी आलं, तर गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमसोबत जात होती का आणि पाळीत रक्त किती जातं, हे डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन ७. रोज बीट आणि खजूर देतोय. पुरेल का?

उत्तर : नाही. बिटाचा लाल रंग लोहाचा नव्हेच, त्यात लोह अगदी थोडं असतं. पुरुषाच्या शरीरातून दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम लोह जातं. त्यामुळे या वयात साठा संपला की आधी रक्त कुठून जातंय ते शोधायचं : गुडघेदुखीच्या गोळ्या, ॲस्पिरिन, जठरातला व्रण, मूळव्याध, आतड्याचा कर्करोग. मूळव्याध सापडली म्हणून तपास तिथेच थांबवू नका. एंडोस्कोपी (जठराची दुर्बिणीने तपासणी) आणि कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची) दोन्ही लागतात. शौचाला काळी होते का, हे लोहाची गोळी सुरू करण्याआधीच विचारून ठेवा. नंतर गोळीनेही ती काळीच होते.