हुकावर चढणारी कणीक आणि माझा मोडलेला गिअर

स्टँड मिक्सरच्या हुकाने (पीठ मळायच्या वाकड्या दांड्याने) पावाची कणीक नीट मळली जात नाही, ही तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचा मीच समोर दिसलो. पीठ हुकाला गुंडाळून वर चढतं, तळाशी कोरडं पीठ तसंच राहतं, मशीन तापतं, सगळं तेच. यीस्ट वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडतो.

तुम्ही लिहिलंय, 'चिकट वाटलं म्हणून आणखी मूठभर पीठ घातलं.' घात इथेच होतो. चक्कीवरची कणीक पाणी भरपूर पिते, पण सावकाश, कारण कोंडा भिजायला वेळ लागतो. आता हाताला चिकटणारा गोळा अर्ध्या तासाने आपला आपण आवरतो. मला तेवढा धीर कुठला! पीठ घालत गेलो, गोळा पुरीच्या कणकेसारखा घट्ट झाला, आणि लवकर आटपावं म्हणून वेग २ वरून थेट ५ वर नेला. मशीन ओट्यावर सरकायला लागलं. मी वरून त्याचं डोकं दाबून धरलं (काय ते शहाणपण). दोन मिनिटांत कडकड आवाज आला, हूक थांबला, मोटार मात्र फिरतेय. काही मिक्सरमध्ये एक गिअर मुद्दाम कच्चा ठेवतात, ताण आला तर तो मोडावा आणि मोटार वाचावी म्हणून. हे अर्थात नंतर कळलं.

पुढचं सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही. मशीन सात आठवडे तिथे पडून. दर फोनला नवा माणूस, दर वेळी कथा पहिल्यापासून. शेवटी उत्तर काय, तर 'आटा मळलात, वॉरंटीत बसत नाही.' माहितीपुस्तिकेत हूक पीठ मळायलाच आहे असं छापलंय, ते पान दाखवलं. म्हणाले, ते ब्रेडबद्दल आहे. अहो, मग मी काय पोळ्या लाटत होतो? पावच करत होतो! अखेर गल्लीतल्या मिक्सर दुरुस्तीवाल्याने गिअर बदलून दिला, जुनं ग्रीस पुसून नवं भरलं. तेव्हापासून सुरळीत. पण वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेर उघडू नका, मग माझ्या नावाने बोटं मोडाल.

हल्ली मी निम्मी कणीक, निम्मा मैदा घेतो. ५०० ग्रॅमला साधारण ३४० मिली पाणी. तुमच्या पिठाला कमी-जास्त लागेल. चमच्याने कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं, हूक त्यानंतर. वेग २, सहा-सात मिनिटं, मध्ये एकदा बंद करून ओल्या हाताने गोळा खाली ढकलायचा. वेग वाढवायचा नाही म्हणजे नाही. उन्हाळ्यात पाणी फ्रीजमधलं, कारण मळतानाच गोळा तापतो आणि मग भसाभस फुगतो.

एवढं करूनही तळाशी पीठ राहिलं तर हूक आणि भांड्याच्या तळातलं अंतर बघा. माझ्या मशीनला मानेजवळ त्यासाठी एक स्क्रू आहे. प्लग काढून अगदी किंचित फिरवा, हूक तळाला घासता कामा नये. आणि हूक साध्या ॲल्युमिनियमचा असेल तर डिशवॉशरमध्ये घालू नका, काळा पडतो. ती काळी पावडर गोळ्याला लागते. हेही करून बसलोय.

सी आकाराच्या हुकावर पीठ जास्त चढतं, मळसूत्री हूक ते खाली दाबत राहतो. तुमचा कुठला आहे? फोटो टाका, आणि एका वेळी किती पीठ घेता तेही लिहा.