नीट द्यावी का, हा प्रश्न दुसरा आहे

(मुलुंडचे एक पालक लिहितात : कबड्डीत दुखावलेल्या माझ्या भाच्याच्या गुडघ्यात त्याच्याच कूर्चेच्या (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाच्या) पेशी वाढवून बसवल्या. तेव्हापासून बारावीला जीवशास्त्र घेतलेली, गणित सोडलेली मुलगी ‘मला हेच करायचे आहे’ म्हणते. नीट द्यावी का?)

स. न. वि. वि.

‘हेच’ म्हणजे नेमके काय, हे आधी तिला विचारावे, कारण या उपचारात दोन निराळे व्यवसाय आहेत. शल्यविशारद दुर्बिणीतून गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातील कूर्चेचा लहानसा तुकडा काढतो आणि काही आठवड्यांनी तयार पेशी कूर्चेतील जखमेच्या खड्ड्यात बसवतो. मधले आठवडे मात्र प्रयोगशाळेचे असतात. कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती स्वतःहून नीट भरून येत नाही, म्हणून हा खटाटोप. त्यातही सपाट बशीत वाढवलेल्या कूर्चापेशी आपला स्वभाव विसरू लागतात आणि दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनऐवजी (कोलॅजन म्हणजे कूर्चेला बळकटी देणारे प्रथिन) पहिल्या प्रकारचे, म्हणजे व्रणाच्या जातीचे, कोलॅजन बनवू लागतात. त्यांना मूळ वळणावर ठेवणे हे पेशीशास्त्रज्ञाचे काम आहे, आणि मला तरी यातला सर्वांत रंजक भाग हाच वाटतो.

रुग्णासमोर उभे राहायचे असेल तर नीट अटळ आहे : इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, त्यानंतर तीन वर्षांचे एमएस अस्थिरोग. प्रयोगशाळा हवी असेल तर नीटची गरज नाही. गणित नसल्याने बी.टेक.ची वाट अरुंद आहे, पण रुईया किंवा झेवियर्समधून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.साठी प्रयत्न करता येतो. स्वतंत्र संशोधनासाठी पीएच.डी. लागतेच, तेवढा धीर घरच्यांनीही ठेवावा.

एक गोष्ट तिला आताच सांगा. हा उपचार मुख्यतः तरुणांच्या गुडघ्यातील मर्यादित जखमेसाठी आहे, आजीच्या सर्वत्र झिजलेल्या गुडघ्यासाठी नाही. स्वीडनमधील डॉक्टरांनी 1994 साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेही अशाच जखमांचे होते. एका इंजेक्शनने गादी उगवून देण्याच्या जाहिराती वाचून कोणी हे क्षेत्र निवडू नये. (‘गादी’ हा शब्दही फसवा आहे, आपल्याकडे कूर्चा आणि मेनिस्कस (गुडघ्याच्या दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती) दोन्हींना तोच वापरतात.)

बारावीच्या परीक्षेनंतर एखाद्या महाविद्यालयाच्या पेशीसंवर्धन प्रयोगशाळेत तिला आठवडाभर बसू देण्याची विनंती करून पाहा. टोपी, मास्क आणि हातमोजे घालून तासन्‌तास निर्जंतुक हवेच्या एकाच कपाटापुढे बसणे तिला रुचते की दुसऱ्याच दिवशी कंटाळा येतो, ते पाहून मला पुन्हा लिहा.