गाडी गरम झाली की बंद पडते, क्रँक सेन्सर बदलूनही तेच. आता ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) बदलू का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नका.

तुम्ही लिहिलंय की २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ट्रॅफिकमध्ये अचानक बंद पडते आणि दहाएक मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते. स्कॅनरवर कधी पी०३३५ (क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड) येतो, कधी काहीच येत नाही. इंजिन फिरतंय का हे ईसीएमला सांगणारा हा क्रँक सेन्सर बदलून झाला. इलेक्ट्रिशियनने मीटर लावून 'सगळ्या वायरी ओके' असं सांगितलं आणि आता ईसीएमचं एस्टिमेट हातात दिलंय. ते 'मीटर लावून ओके' वाचलं आणि राहवलं नाही.

कंटिन्युइटीवर (वायर तुटलेली नाही ना एवढंच बघणाऱ्या रेंजवर) मीटर ठेवून बीप ऐकणं ही तपासणीच नाही. बहुतेक मीटर वीस-तीस ओहमपर्यंत खुशाल बीप देतात. ईसीएमच्या सप्लायमध्ये वीस ओहम असतील तर अर्धा अँपिअर ओढला तरी दहा व्होल्ट तिथेच संपले. ओहमच्या रेंजवर मोजलं तरी फारसं हाती लागत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात. ०.०५ ओहमचा खराब जॉइंट त्यात कुठून दिसणार? आणि त्याच जॉइंटमधून हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा असे मिळून तीस अँपिअर गेले की दीड व्होल्ट गायब. म्हणून लोड चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, मोजायचा. इतकी साधी गोष्ट आहे, पण यावरून भांडण झालं नाही असं गॅरेज सापडणं कठीण.

तुमच्याच तक्रारीची एक हॅचबॅक घ्या. क्रँक सेन्सर दोनदा बदललेला, त्यातला एक डुप्लिकेट. फ्युएल पंप रिले नवा. सेल्फ एकदम कडक, त्यामुळे बॅटरी आणि अर्थिंगवर कोणाचा संशयच गेला नाही. वर 'गरम झाली की बंद' ऐकलं की सगळे क्रँक सेन्सरकडेच धावतात. त्यातही तथ्य आहे, गरम झाल्यावर आतून ओपन होणारे सेन्सर भरपूर असतात. पण फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदवताना ईसीएमने जपून ठेवलेले आकडे, कोणी उघडून पाहिली नव्हती. दोन्ही वेळा कूलंट ९७ अंश, वेग दहाच्या आत. म्हणजे रेडिएटरचा पंखा सुरू होण्याची नेमकी वेळ.

मग स्कॅनरवर कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज लावलं, म्हणजे ईसीएमला स्वतःला किती व्होल्ट मिळतायत ते. त्याच वेळी मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर. एसी, हेडलाइट, ब्लोअर चालू. बॅटरीवर १३.८, ईसीएमला १२.०. मधले १.८ व्होल्ट गेले कुठे? प्लसच्या बाजूने, बॅटरीच्या प्लसपासून ईसीएमच्या सप्लाय पिनपर्यंत, ड्रॉप ०.२. मायनसच्या बाजूने, बॅटरीच्या मायनसपासून ईसीएमच्या अर्थ पिनपर्यंत, १.६. इथेच अर्धं काम झालं. मग एक सुई बॅटरीच्या खांबावर ठेवून दुसरी टप्प्याटप्प्याने पुढे सरकवायची: क्लॅम्प, केबलचं थिंबल (टोकाची धातूची कडी), बॉडीचा बोल्ट, बोल्टशेजारचा उघडा पत्रा. थिंबलपर्यंत ०.०५. पत्र्यावर एकदम दीड.

डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी बॅटरी ट्रेखालचा तो बोल्ट काढला होता, आणि थिंबल रंगावरच आवळून टाकलं होतं. संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांतून, आणि आटेही गंजलेले. इंजिन ते बॉडी अशी जी विणलेली अर्थ पट्टी असते ती क्लचच्या कामानंतर परत लावलीच नव्हती. ती असती तर कदाचित कोणाला काही कळलंही नसतं. स्टार्टरचा करंट गिअरबॉक्सवरच्या जाड केबलने थेट बॅटरीला जातो, म्हणून सेल्फ ठणठणीत. ईसीएमची अर्थ मात्र बॉडीवर, आणि पंख्याचीही बॉडीवरच.

पंख्याची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. स्कॅनरचा आकडा तेवढ्या वेगाने बदलत नाही. तो क्षणभराचा व्होल्टेजचा खड्डा मीटरच्या मिन-मॅक्समध्ये (सर्वात कमी-जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या मोडमध्ये) सापडला: ईसीएमच्या पिनांवर ५.८ व्होल्ट. खड्डा उथळ असला की ईसीएम कसाबसा जागा राहतो, पण सेन्सरचा सिग्नल तुटतो आणि पी०३३५ नोंदवला जातो. खोल गेला की ईसीएमच झोपतो, मग कोड नोंदवणार कोण? मेलेल्या साक्षीदाराची जबानी मिळत नाही. 'कधी कोड येतो, कधी नाही' याचं उत्तर तिथे होतं. बंद पडल्यावर लगेच चावी फिरवली तर पंखा पुन्हा लागतो आणि गाडी पुन्हा मरते. दहा मिनिटं थांबलं की पंख्याची गरजच नसते, म्हणून ती सुरू होते.

उपाय: पत्रा आणि थिंबल दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, दातेरी वॉशर टाकून आवळलं आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आवळण्याआधी जेली नको. अर्थ पट्टी नवी लावली. त्याच लोडवर ड्रॉप ०.०४.

तुमच्या गाडीत हेच असेल असं नाही. पण क्रम हाच ठेवा, आणि कोड पुसू नका. 'बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी लावा' हा सल्ला देणाऱ्यापासून तर लांबच राहा. बऱ्याच गाड्यांत त्याने फ्रीझ फ्रेम जाते आणि ईसीएमने शिकलेली आयडलिंगची सेटिंगही.

गाडी बंद पडते त्या क्षणी तीन गोष्टी बघा. गाडी गिअरमध्ये रेंगाळत असताना इंजिन अजून फिरतंय आणि आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर आला, तर क्रँकचा सिग्नल किंवा ईसीएमचा सप्लाय. काटा इंजिनसोबत हळूहळू उतरला तर पेट्रोलच्या बाजूला बघा. मग चावी बंद करून पुन्हा ऑन करा, सेल्फ न मारता. चेक इंजिन दिवा लागतो का, आणि मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंदांचा आवाज येतो का? दिवाच लागला नाही तर क्रँक सेन्सर विसरा. मेन रिले (ईसीएमला सप्लाय देणारा स्विच), त्याचा फ्यूज, अर्थ, नाहीतर पाच व्होल्टची रेफरन्स लाइन शॉर्ट. ही लाइन बरेच सेन्सर वाटून घेतात, एसीच्या प्रेशर सेन्सरची वायर बॉडीला घासली तरी सगळं बंद पडू शकतं. तिसरं, सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम. दीडशे-दोनशेच्या आसपास काहीतरी दिसायलाच हवं. शून्य दिसलं तर सिग्नल येत नाहीये. साधा ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडाप्टर आणि मोबाइल यासाठी पुरतो. फक्त रात्री काढून ठेवा, लावून ठेवला तर बॅटरी खातो.

सेन्सर नवा असला तरी कपलर (वायरींचा प्लग) जुनाच असतो. फिमेल पिन सैल झालेल्या असतात, आणि पुष्कळदा त्या तपासणाऱ्यानेच सैल केलेल्या असतात. मीटरची जाड सुई पिनमध्ये पुढून खुपसायची नाही. मागून, वायरीच्या बाजूने, बारीक टाचणी सरकवायची. वायरीच्या कव्हरला भोक पाडून मोजणारे तर आणखी थोर. कोकणातल्या हवेत त्या भोकातून ओल शिरते आणि दोन पावसाळ्यांत तांबं हिरवं होतं. हार्नेस (वायरींचा जुडगा) इंजिन माउंटपाशी, बॅटरी ट्रेच्या कडेला आणि एक्झॉस्टजवळ हलवून बघा, इंजिन चालू ठेवून, आरपीएमचा ग्राफ समोर ठेवून. उंदरांनी कुरतडलेलं नाही ना तेही तिथेच दिसेल. उंदीर येऊ नयेत म्हणून बोनेटखाली तंबाखूची पानं बांधणाऱ्यांनीही बघावं.

बाहेरून लावलेलं काय काय आहे गाडीत? रिमोट लॉक, अँप्लिफायर, जास्त वॅटचे बल्ब? अ‍ॅक्सेसरीवाल्याने मूळ वायर सोलून पीळ मारून टेप गुंडाळली असेल तर आधी तो भाग उघडा. विशेषतः इग्निशनच्या लाइनवर मारलेला जोड.

आता ईसीएम. तो मरतो पाण्याने, उलट्या जम्प स्टार्टने, बॅटरी न काढता केलेल्या वेल्डिंगने. यातलं काही झालेलं नसेल तर त्याच्यावर येणं ही शेवटची पायरी. त्याचा कपलर काढून प्रत्येक सप्लाय पिन आणि प्रत्येक अर्थ पिन २१ वॅटच्या बल्बने तपासा. सप्लाय तपासताना बल्बचं दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला, अर्थ तपासताना प्लसला. मेन रिले बऱ्याच गाड्यांत ईसीएमच ओढतो, तेव्हा त्याची लाइन तपासताना रिले बाहेरून ऑन करावा लागेल. बल्ब बॅटरीवर थेट लावल्यासारखा लख्ख पेटला पाहिजे. बल्ब लावलेला असताना ड्रॉपही मोजा: अर्थला ०.१ व्होल्टच्या आत, सप्लायला ०.३च्या आत. सगळं नीट आहे, क्रँकचा सिग्नल पिनपर्यंत पोचतोय आणि तरी इंजेक्टरला पल्स नाही, तेव्हाच ईसीएमला दोष द्या. दुसऱ्या गाडीचा जुना ईसीएम लावायचा विचार असेल तर पार्ट नंबर तंतोतंत जुळायला हवा आणि इमोबिलायझरशी (गाडीच्या चोरीविरोधी लॉकशी) चावी पेअर करून घ्यावी लागते. नाहीतर सेल्फ फिरत राहील, गाडी सुरू होणार नाही.

गॅरेजवाल्याला दोनच आकडे विचारा: लोडवर ईसीएमच्या अर्थचा ड्रॉप किती, सप्लायचा किती. 'बीप येतोय की' असं उत्तर आलं तर गाडी तिथून परत घेऊन या. तपासणीचे तासाचे पैसे मागणारा ऑटो इलेक्ट्रिशियन मिळाला तर ते आनंदाने द्या. घासाघीस करून आपणच त्यांना पार्ट विकायला शिकवलंय.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळं साध्या पेट्रोल गाडीसाठी आहे. स्मार्ट चार्जिंगवाल्या गाड्यांत बॅटरीवरचं व्होल्टेज मुद्दाम वरखाली होतं, तिथे १३.८ची अपेक्षा धरू नका, फरक तेवढा बघा. बल्ब फक्त कपलर काढलेला असताना, फक्त सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर. सेन्सरच्या सिग्नल लाइनवर कधीच नाही. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना मीटरही लावायचा नाही. हायब्रिड असेल तर नारिंगी वायरींना हात लावू नका.